तू खोडून टाकलेला उन्हाळा

ताई,

तू गेल्यापासून दारात येणारा प्रत्येक माणूस मला एकच विचारतो आहे, तुझी बहीण नेमकं काय करायची? हिंगोलीच्या कॉलेजात शिकवायची, एवढं सगळ्यांना माहीत आहे. पण ते संशोधन कशाचं होतं, असं विचारतात आणि माझ्या तोंडाकडे बघत बसतात. सेनगावचा कृषी केंद्रवाला म्हणाला, मॅडमनी औषध शोधलं म्हणे. शेजारच्या तांड्याचा नाईक म्हणाला, खत. याडी तर आल्यागेल्याला सरळ सांगते की माझी लेक पाक बनवायची. आणि तू ज्याला समोर बसवून इतक्या वेळा समजावलंस तो मी नुसता हात हलवतो. म्हणून आज लिहायला बसलो. आपण घरात बोललो आपल्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत, भांडलोही तिच्यातच. पण तुझं शास्त्र तू मला कायम मराठीत सांगितलंस, म्हणून हेही मराठीत.

तुझ्या कामाशी माझी पहिली गाठ पडली ती माझ्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये. तू रविवारची तांड्यावर आली होतीस आणि कोंबड्यांच्या खाद्यात मिसळायच्या पावडरीच्या पिशवीवरची बारीक अक्षरं वाचत उभी राहिलीस. मला वाटलं, मुदत संपलेली असणार, आता ही मला झापणार. तू मात्र हसायला लागलीस. त्या पावडरीत कोलीन क्लोराइड नावाचं जे मीठ असतं, तेच तू पीएच.डी.साठी घेतलं होतंस, आणि त्याच्या जोडीला युरिया. एक वस्तू माझ्या शेडमधली आणि दुसरी माझ्या शेतातली. मी म्हणालो, एवढ्यासाठी औरंगाबादला जाऊन एम.एस्सी. कशाला केलीस, इथंच राहायचंस. माझी पावडर तुला चालणार नव्हती, तिच्यात मक्याच्या कणसाचा भुसा असतो. तू शुद्ध मिठाची बाटली मागवली होतीस आणि ती पोटाशी धरून जीपमधून आणली होतीस.

त्या दिवशी तू चुलीवर पाण्याचं पातेलं ठेवलंस, त्यात स्टीलची वाटी धरलीस आणि दोन्ही पांढऱ्या पावडरी एकत्र ढवळायला लागलीस. पाण्याचा थेंब घातला नव्हता. थोड्या वेळानं कडा ओल्या झाल्या, मग गोळा झाला, मग वाटीत काचेसारखा स्वच्छ, दाट पाक तयार झाला. याडी म्हणाली, आता गार झाला की गोठेल. आपण तिघंही वाटीभोवती बसून राहिलो. तो गोठला नाही. तू सांगितलंस की एकेकटं असताना दोघंही अडेलतट्टू, भरपूर आग दिल्याशिवाय वितळायचं नाव घेत नाहीत. पण एकमेकांत गुंतले की गोठायचं विसरतात. अशा मिश्रणाला डीप युटेक्टिक सॉल्व्हंट म्हणतात. कारखान्यांत धातू धुवायला, मुलामा द्यायला जी वास मारणारी, पेट घेणारी द्रावणं वापरतात, त्यांच्याऐवजी उद्या हे वापरता येईल, असं तुझं म्हणणं. नाव मला जमेना, म्हणून मी त्याला शेवटपर्यंत ‘तुझं डीप’ म्हणालो आणि तूही ते चालवून घेतलंस.

त्याच्यात एकच खोट होती. ते फार दाट. नळीतून सरकायला कंटाळा करायचं. त्याला पळवायचे दोन रस्ते, एक तर तापवा, नाही तर जोडीला दुसरं एखादं पातळ द्रव मिसळा, पाणी किंवा स्पिरिट. तू त्याला सहद्रावक म्हणायचीस. तापवल्यानं किती फरक पडतो आणि सहद्रावकानं किती, दाटपणा किती उतरतो, वजन किती, वीज किती वाहते, हे सगळं मोजायचं हे तुझं काम. त्यावरून आपलं जे भांडण लागलं ते अजून मिटलेलं नाही. मी म्हणायचो, पाणी घातलं की संपलं, मग ते डीप कसलं, दूधवाल्यासारखी मिलावट झाली. तू म्हणायचीस, थोडं पाणी असलं तरी आतलं गुंतणं टिकतं, उलट ते नीट चालायला लागतं. फार झालं मात्र तर नुसतं खारं युरियाचं पाणी उरतं. मग थोडं कुठं संपतं आणि फार कुठं सुरू होतं, असं मी विचारलं की तू डोळे बारीक करायचीस. “तेच तर शोधून राहिले ना.” दर वेळी हेच उत्तर.

तुझी प्रयोगशाळा म्हणजे कॉलेजच्या मागच्या बाजूची पत्र्याची खोली. सुट्टीत विद्यार्थी नसायचे म्हणून तू मे महिना धरायचीस. पोल्ट्रीचं खाद्य आणायला मी हिंगोलीत आलो की डबा घेऊन तुझ्याकडे यायचो आणि तू माझ्या हातात स्टॉपवॉच द्यायचीस. काचेच्या वाकड्या नळीत तो पाक वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत यायला किती वेळ घेतो, ते मोजायचं. नळी पाण्याच्या टाकीत बुडवलेली आणि टाकीचं तापमान जराही हलता कामा नये. मधेच लोडशेडिंग व्हायचं. तू टाकीला गोणपाट गुंडाळायचीस, हातानं पाणी ढवळत राहायचीस आणि वीज मंडळाला अशा शिव्या द्यायचीस की राठोड मॅडमच्या तोंडात त्या शोभल्या नसत्या. मी आधीच दाबलं किंवा उशिरा दाबलं की तू मला अर्धशिक्षित म्हणायचीस. मला राग यायचा, पण पुढच्या वेळी बोट बरोबर पडायचं.

स्पिरिटची बाटली काढून देताना तिथला एक कारकून चारचौघांत म्हणाला होता की मॅडम तांड्यावरच्या आहेत, बाटली जपून राहू द्या. तांड्यावरचे म्हणजे पिणारे, असा त्याचा रोख. मी तिथं असतो तर त्याची कॉलर धरली असती. तू म्हणालीस, आत्ता मोजून द्या आणि संध्याकाळी उरलेलं परत मोजून घ्या. संध्याकाळी तू खरंच ती बाटली त्याच्या टेबलावर नेऊन ठेवलीस आणि त्यानं मोजेपर्यंत तिथून हललीच नाहीस. त्यानंतर तो तुला बघून उठून उभा राहायचा. हे मला तुझ्याकडून नाही, कॉलेजच्या शिपायाकडून कळलं.

आता त्या उन्हाळ्याबद्दल. तेव्हा तू तासिका तत्त्वावर होतीस. कॉलेजात एक कायमची जागा निघणार होती आणि पीएच.डी. हातात असेल तर ती तुझीच, असं सगळेच म्हणत होते. त्या मे महिन्यात पत्र्याची खोली इतकी तापायची की टाकीचं पाणीच हवं त्यापेक्षा गरम व्हायचं. कमी तापमानाची मापं घेताच येईनात. तेव्हा तू घरचा कूलर मागितलास. याडीनं कुरकुर केली, मी कुरकुर केली, पण कूलर जीपच्या टपावर बांधून हिंगोलीला गेला आणि आम्ही उन्हाळाभर टॉवेल ओला करून डोक्यावर घेतला. तिकडं तुझं काम मात्र झपाट्यानं झालं. आकडे तर असे आले की तुझे मार्गदर्शक सर खूश होऊन गेले. तुझं डीप कुणाच्याही डीपपेक्षा पातळ होतं, तेही काहीच न मिसळता. सरांना वाटलं, तुझ्या ढवळण्याच्या पद्धतीतच काही तरी नवं आहे. पावसाळ्यात विद्यापीठाच्या चर्चासत्रात तू ते मांडलंस आणि मोठमोठ्या लोकांनी येऊन तुझ्याशी हात मिळवले. त्या आनंदात तू याडीला लुगडं आणलंस आणि मला घड्याळ.

थंडीत प्रबंध लिहायला घेतलास, तेव्हा सहज म्हणून त्यातलं एक माप परत घेतलंस. पाक दाट निघाला. परत घेतलंस, परत दाट. मीठ तेच, युरिया तोच, नळी तीच, टाकीचं तापमानही तेच, मग मे महिन्यातला पातळपणा गेला कुठं? तू वाळत चालली होतीस. संक्रांतीला घरी आलीस तर तिळगूळ हातात घेऊन तशीच बसलीस. समोर ओसरीवर आपला कूलर उभा होता आणि याडीनं त्यात कांदे भरले होते. तू त्या कूलरकडे बघत राहिलीस. मग अगदी हळू म्हणालीस, “वसंता, हा उन्हाळाभर माझ्या खोलीत व्हता ना?”

मला काही उमजेना. तू मला सांगितलंस की तुझं मीठ हवेतली ओल ओढून घेतं. पावसाळ्यात तू त्याला किती जपायचीस ते मी बघितलं होतं, झाकण कधी उघडं नाही, सगळं काचेच्या बंद भांड्यात. पण आपल्याकडच्या मे महिन्यात ओलीची भीती कुणाला वाटणार? ओठ फुटतात अशी कोरडी हवा. आणि त्या कोरड्या हवेत तू स्वतःच्या हातानं खिडकीत कूलर लावला होतास, ओल्या गवतातून येणारा वारा थेट उघड्या भांड्यांवर. मापं पातळ आली ती तापमानानं नाही, ढवळण्यानंही नाही. पाणी चोरपावलांनी आत शिरलं होतं.

दुसऱ्याच दिवशी कांदे ओतून तो कूलर आपण परत हिंगोलीला नेला. ऐन थंडीत जीपच्या टपावर कूलर. सेनगावच्या स्टँडवर लोकांनी आपली किती टर उडवली. एकानं विचारलं, काहून बाई, एवढं गरम व्हायलं का? तू त्याला म्हणालीस, व्हय, डोक्यात. खोलीत तू स्वेटर घालून आणि मी मफलर गुंडाळून बसलो आणि समोर कूलर सुरू. तू काचेच्या बशीत डीप घेतलंस, वजन केलंस, बशी वाऱ्यात ठेवलीस. दात वाजत असताना आपण वाट पाहिली. परत वजन केलंस तर तराजूचं ते पारडं खाली गेलेलं. आणखी वाट पाहिली, आणखी खाली. मी तुझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं, तू रडशील. तू वजनाचा चिमटा खाली ठेवलास आणि म्हणालीस, सापडलं. तुझ्या चेहऱ्यावर इतका आनंद मी तू लुगडं आणि घड्याळ घेऊन घरी आलीस त्या दिवशीही पाहिला नव्हता.

मग सरांकडे गेलो. मी बाहेर पायरीवर बसलो होतो, पण दार उघडंच होतं. सर वाईट माणूस नव्हते, ताई, हे तूही मान्य करशील. त्यांना तुझी काळजी होती. त्यांचं म्हणणं असं की मुलाखत तोंडावर आहे, आता सगळी मापं नव्यानं घ्यायची तर पुढचा उन्हाळा जाईल आणि जागा हातची जाईल. तेवढा एक तक्ता राहू दे, कुणी तपासायला येत नाही, एकदा कायम झालीस की सावकाश दुरुस्त कर. तू ऐकून घेतलंस, त्यांच्या पाया पडलीस आणि म्हणालीस की पुढच्या चर्चासत्रात मला बोलायला वेळ द्या.

येताना बसमध्ये मी तुझ्याशी कचाकचा भांडलो. मी म्हणालो, जगात तू एकटीच शहाणी आहेस का? थोडंसं पाणी तर गेलं, तूच म्हणतेस पाणी वाईट नसतं. तू खिडकीबाहेर बघत होतीस. मग माझ्याकडे वळलीस.

“पाणी म्हणजे मिलावट न्हाई, वसंता. किती गेलं ते ठावं असून न सांगणं, ही मिलावट.”

सेनगावला उतरताना तुझी पिशवी मीच उचलली.

चर्चासत्राला मी तुझ्याबरोबर आलो, शेवटच्या रांगेत बसलो. तू उभी राहिलीस, पदर नीट केलास आणि सांगितलंस, “मागच्या वेळी याच ठिकाणी मी दिलेले आकडे चुकीचे आहेत. चूक माझी आहे.” मग कूलरची सगळी गोष्ट सांगितलीस. कुणी तरी हसलं. तूही हसलीस आणि म्हणालीस की आमच्याकडं मे महिन्यात घरात शिरणारा पाऊस असाच असतो, विजेवर चालणारा. नंतर तू फळ्यावर रेघ मारून दाखवलंस की एवढ्याशा ओलीनं पाक जेवढा पातळ होतो, तेवढा पातळ करायला त्याला किती तापवावं लागलं असतं. हसणारे वह्या काढून उतरवून घ्यायला लागले. सर मात्र मान खाली घालून बसले होते.

जागा गेली. मुलाखतीला तुझ्याकडे पीएच.डी. नव्हती, दुसऱ्याकडे होती. पुढच्या मे महिन्यात तू पुन्हा त्याच पत्र्याच्या खोलीत दारंखिडक्या लावून बसलीस. कूलर नाही. टाकी गार ठेवायला मी कारखान्यातून बर्फाची लादी आणायचो, भुशात घालून, आणि ती अर्धी वाटेतच वितळायची. तुझ्या कपाळावरचा घाम टपकून भांड्यात पडू नये म्हणून तू डोक्याला फडकं बांधायचीस. या वेळी पाणी तू स्वतः घातलंस, थेंबाथेंबानं, मोजून. जे चोरून आत आलं होतं त्यालाच तू समोरच्या दारानं आत घेतलंस, आणि तुझ्या प्रबंधातलं सगळ्यात चांगलं प्रकरण त्याचंच झालं. परीक्षकांनीही तसंच म्हटलं, हे तू मला किती साधेपणानं सांगितलंस, भाजी काय केली हे सांगावं तसं.

कायमची जागा पुन्हा निघालीच नाही. तू शेवटपर्यंत तासिका तत्त्वावर राहिलीस. त्याचं तुला वाईट वाटत होतं का, हे विचारायचं माझ्याकडून राहून गेलं. आजारपणात तुझ्या उशाशी बसलो असताना जिभेवर आलं होतं, पण तू आपलं जुनं भांडण उकरून काढलंस. थोडं कुठं संपतं आणि फार कुठं सुरू होतं, त्याच्या बरीच जवळ पोचले होते रे, असं म्हणालीस. मी म्हणालो, बरी हो, मग सांग. माझं मत अजून तेच आहे, ताई, की पाणी घातलं की ते तुझं पहिलं डीप राहत नाही. हे भांडण मी एकटा चालवणार आहे.

काल कॉलेजात तुझी शोकसभा झाली. प्राचार्यांनी तुझ्या पदव्या सांगितल्या, तुला ‘आमच्या ज्येष्ठ प्राध्यापिका’ म्हणाले. जिवंतपणी कुणी कायम केलं नाही, काल सगळ्यांनी मिळून केलं. मग मला बोलायला उठवलं. रसायनशास्त्र माझ्या तोंडून निघेना. मी म्हणालो, माझ्या बहिणीचे एका उन्हाळ्याचे सगळे आकडे चुकले होते. सभा चपापली. अशा दिवशी भाऊच बहिणीची चूक काढतो म्हणून पुढच्या रांगेतल्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मी थांबलो नाही. कूलर सांगितला, थंडीतली जीप सांगितली, पारडं कसं खाली गेलं ते सांगितलं आणि तू भर सभेत काय बोललीस ते तुझ्याच शब्दांत सांगितलं. सरांकडची गोष्ट मात्र गाळली. ते समोरच बसले होते, निवृत्त झालेले, हातात काठी.

माझं बोलणं संपलं आणि सर काठी टेकत उठले. माइककडे आलेच नाहीत, जागेवरूनच बोलले, पण सभेत सगळ्यांना ऐकू गेलं. “यानं एक गोष्ट सांगितली नाही. तिला गप्प राहा म्हणून सांगणारा मी होतो. तिनं माझं ऐकलं नाही. मी इतकी मुलं शिकवली, पण हे एवढं बोलायला मला आजचा दिवस लागला.”

ते खाली बसले. टाळ्या वाजवायची ती जागा नव्हती, कुणी वाजवल्या नाहीत. सगळे माझ्याकडे बघायला लागले, आता हा रडणार म्हणून. मी रडलो नाही, ताई. तुझा भाऊ म्हणून तिथं ताठ उभा राहिलो.

तुझा,
वसंता